खंडेनवमीचं इंजिन

लग्न होऊन नव्या घरात आलेल्या मुलीच्या हातून पहिल्या वर्षात काहीतरी फुटतंच. कुणाच्या हातून कपबशी, कुणाच्या हातून लोणच्याची बरणी. शकुन फणसळकरच्या हातून विमानाचं इंजिन बिघडलं, आणि तेही धसमुसळेपणाने नव्हे; हळदकुंकू वाहून, उदबत्ती ओवाळून, अगदी मनोभावे. विमान खेळण्यातलं होतं हे खरं. पण ‘खेळण्यातलं’ हा शब्द तिच्या नवऱ्यापुढे उच्चारायची सोय नव्हती.

ही पंचावन्न सालची गोष्ट. मुकुंद फणसळकर हवामान खात्यात होता आणि पुण्याहून बदली होऊन डमडमच्या विमानतळावर आला होता. कामाच्या दिवशी ढग बघायचे आणि सुट्टीच्या दिवशी कलकत्त्याच्या मैदानावर जाऊन लहानलहान विमानं उडवायची, म्हणजे मान कायम वर, असा त्याचा संसार. या विमानांना दोन लांब तारा बांधलेल्या असतात. उडवणारा मधे उभा राहून हातातल्या लाकडी मुठीने तारा ओढतो, सैल सोडतो, आणि विमान त्याच्याभोवती वरखाली होत घिरट्या घालतं. शकुनने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला घाण्याचा बैल आठवला. पण लग्न नवीन होतं, म्हणून ती बोलली नाही.

इंजिन म्हणाल तर मुठीत मावेल एवढं. आत मात्र सगळं खऱ्यासारखं: दट्ट्या, दांडा, आणि तो दांडा गुळगुळीत फिरावा म्हणून पोलादी गोळ्यांची दोन बेअरिंग्ज, पंख्याच्या बाजूला एक छोटं आणि मागे एक मोठं. त्याला प्यायला लागे ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण. ते सुरू केलं की दवाखान्यात कुणीतरी स्टोव्ह पेटवल्यासारखा वास सुटे, आणि बंद केलं की त्याच्या सर्वांगावर एरंडेलाचा काळा चिकट थर बसलेला असे. इंजिन विलायती होतं, आणि ते मुकुंदचं नव्हतं. ते श्यामकाकांचं होतं. सगळी पंचाईत तिथेच होती.

श्यामकाका म्हणजे श्यामराव मोहरीर; नात्याचे नव्हेत, मैदानावर विमानं उडवताना मुकुंदशी ओळख झालेले. त्यांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. काका जन्मले, वाढले, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले ते सगळं भवानीपुरात. लग्न त्यांनी केलं नव्हतं. मराठी ते घरातच शिकले होते, पण बंगालीत लिंगभेदाची कटकट नाही म्हटल्यावर मराठीतही ती ते मानत नसत. ‘माझा इंजिन’, ‘तुझी नवरा’ असं बेधडक बोलत. ‘तुझी नवरा’ ऐकून शकुन पदराआड हसली होती, आणि ती हसते आहे हे पाहून त्यांनी पुढेही तसंच म्हणायचं ठरवलं असावं.

तिची आणि त्यांची पहिली भेट हावड्याच्या फलाटावरची. मुकुंदला ड्यूटीवरून सुटता आलं नव्हतं. गाडीत सोबत असलेलं कुटुंब टाटानगरला उतरून गेलं होतं. आजूबाजूला न समजणाऱ्या भाषेचा गलका, आणि ही वाईच्या वैद्यांची मुलगी आपल्या ट्रंकेवर बसून रडू आवरते आहे, एवढ्यात धोतर नेसलेले, पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ समोर उभे राहिले आणि म्हणाले, “फणसळकरांची ना? चल, घर जाऊ.” त्यांनी डब्यातून दडपे पोहे आणले होते, स्वतःच्या हातचे. पहिल्याच घासाला शकुनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काकांना वाटलं, पोरीला माहेर आठवलं. माहेर वगैरे काही नव्हतं. फोडणी मोहरीच्या तेलाची होती आणि ती नाकात गेली होती. पण तिने डबा चाटूनपुसून खाल्ला. आपल्यासाठी कुणीतरी सकाळी उठून पोहे दडपले, ही गोष्ट त्या तेलापेक्षा मोठी होती. तेव्हापासून आपलं कलकत्त्यातलं माहेर भवानीपुरात आहे असं ती धरूनच चालली.

त्या उन्हाळ्यात काकांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ सुधारली, उजवा हात मात्र तसाच राहिला. त्यांच्या खोलीत छताला एक विमान टांगलेलं होतं. बंगाली नवरदेवाचा मुकुट ज्या पांढऱ्याशुभ्र, हलक्या शोल्याचा, म्हणजे एका पाणवनस्पतीच्या गाभ्याचा करतात, त्याच शोल्याचं. विमानांसाठी परदेशातून येणारं हलकं लाकूड मिळेनासं झालं तेव्हा काकांनी ही युक्ती काढली होती आणि दोन वर्षं खपून, वर पतंगाचा कागद चिकटवून, ते विमान पुरं केलं होतं. ते एकदाही उडालं नव्हतं. उडवायच्या आधीच हात गेला.

एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने इंजिन मुकुंदपुढे ठेवलं. हिवाळ्यात मैदान कोरडं झालं की विमान तू उडव, मी बघायला येईन, एवढंच बोलले. विमानाचं नाक त्याच इंजिनाच्या मापाने कोरलेलं होतं, दुसरं तिथे बसलं नसतं. आणि तसं दुसरं मागवावं म्हटलं तर परदेशातून असला माल येणंच बंद झालं होतं. एकच इंजिन, एकच विमान आणि एक म्हातारा माणूस, ज्याला ते उडताना बघायचं होतं.

आता खंडेनवमीकडे येऊ.

वाईला शकुनच्या माहेरी नवरात्राच्या नवमीला वडिलांचा खल, बत्ता, तागडी, चिमटे असं सगळं चिंचेने लख्ख घासून पाटावर मांडत. ज्याच्या जिवावर घर चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत, अशी तिच्या वडिलांची शिस्त. डमडमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत मांडण्यासारखं फारसं काही नव्हतं: विळी, सुरी, कात्री, मुकुंदचा पान्हा. आणि इंजिन. बाहेर दुर्गापूजेचे ढाक वाजत होते, मुकुंद ड्यूटीवर होता, आणि शकुन त्या काळ्या चिकट गोळ्याकडे बघत होती. देवापुढे असं पारोसं कसं ठेवायचं?

तिने ते चिंचेच्या कोळाने घासलं. तेल निघेना म्हणून शिकेकाई लावली. नुसतं वरून स्वच्छ होऊन काय उपयोग, म्हणून कढत पाण्यात बुडवून आतूनही चांगलं खळबळून काढलं. मग गच्चीत उन्हात वाळवलं. इंजिन असं चमकलं की विलायतेहून निघताना चमकलं नसेल. हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या, पंख्याच्या दांड्यावर झेंडूचं फूल खोचलं आणि हात जोडले. मुकुंद घरी आला, त्याने पाट पाहिला, सवयीने नमस्कार केला आणि जेवायला बसला. बायकोने फडक्याने पुसलं असेल, असं त्या भल्या माणसाला वाटलं. दसऱ्याला शकुनने इंजिन लाल फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं, आणि पुढे दिवाळीच्या धामधुमीत ते तिथेच राहिलं.

भाऊबीज उलटल्यावर मुकुंदने ते बाहेर काढलं आणि दांडा फिरवला. भातात खडा लागावा तसा आवाज आला. त्याने पुन्हा फिरवला. या वेळी दांडा मधेच अडला. त्याने मागचं झाकण उघडलं. आतून पिवळसर चिखल आला, आणि चिखलाबरोबर एक तांदळाचा दाणा. पोलादी गोळ्या गंजून तांबड्या झाल्या होत्या. चिंच, पाणी आणि बंगालची हवा, तिघांनी मिळून काम तमाम केलं होतं.

मुकुंद रागावला की बोलत नसे, चष्मा पुसत बसे. त्या दिवशी त्याने चष्मा इतका वेळ पुसला की शकुनला वाटलं, याने एकदा ओरडावं म्हणजे सुटेन. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं ती म्हणाली, आणि तिने पदराने डोळे पुसले. मग मात्र त्याने चष्मा खाली ठेवला. काकांना काही सांगायचं नाही, तो म्हणाला. दमट हवेने गंज चढला म्हणू. हे कुणालाही पटलं असतं. शिवाय दमटपणाबद्दल खोटं बोलायचं तर हवामान खात्यातल्या माणसाहून लायक माणूस कोण मिळणार?

पण शकुनच्या तोंडात तीळ भिजत नसे. आणि खरं सांगायचं तर, ज्याच्या हातचे पोहे खाऊन आपण या गावात पहिलं पाऊल टाकलं त्याला फसवायचं हे तिला सोसवेना. दुसऱ्या दिवशी मुकुंद कामावर गेला तशी तिने इंजिन पिशवीत टाकलं, बसने एस्प्लनेड गाठलं, तिथून ट्रामने भवानीपूर, आणि काकांच्या खोलीत जाऊन एका दमात सगळं सांगून टाकलं, चिंचेपासून अक्षतांपर्यंत. बोलताना तिची नजर सारखी छताला टांगलेल्या त्या पांढऱ्या विमानाकडे जात होती.

काका ऐकत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताने दांडा फिरवून पाहिला, करकर ऐकली, आणि विचारलं, “झेंडूचा फूल खोचलेला?”

ती हो म्हणाली.

“छान दिसला असेल,” काका म्हणाले. “तू रडू नको. त्याचा बेअरिंग आधीच गेलेला होता. दोन वर्षं झाली, खडखड करायचा. मला उघडायची हिंमत नव्हती. आता उघडावा लागेल. बरं झालं.”

शकुनला एवढं हलकं वाटलं की परतीच्या ट्राममध्ये ती कंडक्टरशी चक्क बंगालीत बोलली. काय बोलली ते त्याला कळलं नाही, तो भाग वेगळा.

काकांनी माप लिहून दिलं होतं; तो कागद तिने मुकुंदपुढे ठेवला आणि काका काय म्हणाले तेही सांगून टाकलं. मुकुंदने संध्याकाळी चांदणीबाजारातली लोखंडी सामानाची दुकानं पालथी घातली आणि कुठल्याशा मोडीत निघालेल्या यंत्रातली दोन बेअरिंग्ज मिळवली, एक छोटं, एक मोठं. मापात बरोबर. पण नवं बेअरिंग मिळणं सोपं होतं. जुनं बाहेर काढणं कठीण. ते कवचात असं घट्ट बसवलेलं असतं की ठोकून काढायला जावं तर अॅल्युमिनियमचं कवच तडकतं. कवच तडकलं की इंजिन गेलं, आणि इंजिनाबरोबर ते विमान कायमचं छताला.

रविवारी काका डमडमला आले. जिना चढताना त्यांनी खालच्या सुचित्रा बौदींचा हात धरला होता. बौदी म्हणजे वहिनी. या घरमालकीणबाई, शकुनला बाजारहाट यांनीच शिकवला. बौदी वर आल्या त्या तमाशा काय आहे ते बघायला, आणि मग थांबल्याच.

काकांनी शिक्षकी थाटात समजावलं. तापवलं की दोन्ही धातू फुगतात, पण अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं. म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखं तापवलं की कवच आपणहून पकड सोडतं आणि बेअरिंग नुसत्या हलक्या ठोक्याने गळून पडतं. मुकुंद लगेच स्टोव्ह पेटवायला उठला. काकांनी त्याला बसवलं. एका बाजूने ज्वाळा लागली तर कवच वाकडं होईल. भट्टी हवी, आणि भट्टी तर कुणाकडेच नव्हती.

“नानकटाई करतो तसं केलं तर?” शकुनने विचारलं.

दिवाळीत तिने नानकटाई केली होती ती पातेल्यात वाळू घालून, खाली शेगडी आणि वर झाकणावर निखारे ठेवून. वाळू बौदींचीच होती. ज्या काळ्या वाळूत त्या मुडी, म्हणजे आपले चुरमुरे, भाजत, ती. शेगडी पेटली. मुकुंदने दट्ट्या, दांडा असं सगळं आधी सोडवून घेतलं. नुसतं रिकामं कवच एका डब्यात बंद करून वाळूवर ठेवलं, कारण वाळूचा एक कण आत गेला असता तर चिंच परवडली म्हणायची वेळ आली असती. झाकणावर निखारे रचले. डब्याशेजारी शकुनने ताटलीत चिमूटभर रवा ठेवला. रवा बदामी झाला की भट्टी तयार.

आता वाट बघण्याशिवाय काम नव्हतं. चौघं शेगडीभोवती बसली. काकांचा उजवा हात मांडीवर, कुणी विसरून गेलेल्या पिशवीसारखा. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं की, पूजा केलीस, मग मागितलं काय?

शकुनने चिमट्याने झाकणावरचे निखारे सारखे केले. मुकुंदला वाटलं, तिला ऐकू गेलं नसेल. शेवटी ती निखाऱ्यांकडे बघत म्हणाली, “इंजिनाकडे काय मागायचं ते सुचेना. म्हणून तुमचा हात मागितला.”

काकांनी मांडीवरच्या उजव्या हातावर डावा हात ठेवला. बौदींना मराठी येत नव्हतं. त्यांनी एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पदराने उगाच शेगडीला वारा घातला.

रवा पिवळा झाला तसा मुकुंद उतावळा झाला. त्याने फडक्यात धरून कवच काढलं आणि लाकडी पाटावर आपटलं. काही नाही. पुन्हा आपटलं. बेअरिंग जागचं हललं नाही. तो आणखी जोरात आपटणार तोच शकुनने त्याच्या हातातून ते काढून घेतलं, डब्यात घातलं आणि वर निखारे वाढवले. रवा अजून बदामी झालेला नाही, तिने सांगितलं. कच्ची नानकटाईही अशीच ताटलीला चिकटते. हवामान खात्याने माघार घेतली.

दुसऱ्या वेळी रवा खमंग झाला, वास सुटला, आणि काकांनी मान हलवली. कवच पाटावर टेकवलं मात्र, टप् असा आवाज आला आणि मोठं बेअरिंग पाटावर पडून गोल फिरत थांबलं. धाकटं, आतून लाकडी काडीचा टेका दिल्यावर, निमूट बाहेर आलं. बौदींनी हाताने नमस्कार केला. कुणाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

काकांनी लगेच जुनी बेअरिंग्ज मुकुंदला फेकून द्यायला सांगितली. थोड्या वेळाने पुन्हा आठवण केली: टाक ते, घरात ठेवू नको. मुकुंद हो म्हणाला. तो एक वाकडा खिळाही फेकून देणाऱ्यातला नव्हता.

आता उलटा उद्योग. कवच तापलेलं आणि नवं बेअरिंग गारठलेलं हवं, म्हणजे फुगलेल्यात आकसलेलं अलगद बसतं. बर्फ बौदींचे यजमान मासळीबाजारातून घेऊन आले होते, माशांच्या वासासकट आणि खवल्यांसकट. शकुन आयुष्यात माशाला शिवली नव्हती. बर्फाची बादली तिने बाहेर गॅलरीत ठेवू दिली खरी, पण तीही नाकाला पदर लावून. बेअरिंग्ज तेल लावून तपकिरीच्या डबीत बंद केली होती आणि डबी बर्फात. या खेपेला पाण्याचा एक थेंबही त्यांना लागू द्यायचा नाही, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं होतं.

कवच पुन्हा तापलं. छोटं बेअरिंग मुकुंदने बसवलं, जेमतेम. मोठ्याची बारी आली तेव्हा काकांनी बजावलं की संधी एकदाच मिळते. थंड बेअरिंग गरम कवचाला लागलं की लगेच तापतं, फुगतं, आणि वाकडं गेलं तर वाकडंच अडकून बसतं. मुकुंदने हाताला फडकं गुंडाळलेलं, बोटं जाड झालेली, आणि बेअरिंग चिमटीत नीट धरवेना. काकांचा डावा हात नकळत पुढे आला आणि तसाच मागे गेला.

“शकुन, तू सोड,” ते म्हणाले.

तव्यावरची भाकरी नुसत्या बोटांनी उलटणारी ती बाई. तिने फडकं घेतलं नाही. डबीतून बेअरिंग उचललं, कवचाच्या तोंडावर आडवं सपाट धरलं आणि सोडून दिलं. ते आत गेलं. नुसतं गेलं, डब्याला झाकण बसावं तसं. तर्जनीचं टोक भाजलं होतं, ते तिने घरी कुणी नसताना पाहिलं.

काकांनी इंजिन गार होऊ दिलं, मुकुंदकडून दांडा घालून घेतला आणि डाव्या हाताच्या एका बोटाने फिरवला. दांडा फिरत राहिला, आवाज न करता. काका डोळे मिटून बसले होते.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मैदानावर धुकं विरून ऊन पडलं होतं. ते पांढरं विमान गवतावर ठेवलं तेव्हा इतर उडवणारी मंडळी आपापली विमानं सोडून बघायला आली. मागचं शेपूट धरून बसायला कुणीतरी लागतं. ते शकुनने धरलं, पदर खोचून, गवतात गुडघे टेकून. मुकुंदने पंख्याला टिचकी मारली. एकदा, दोनदा, मग किती ते कुणी मोजलं नाही. आणि इंजिन असं कडाडलं की झाडावरचे कावळे उठले. दवाखान्याचा तो वास सुटला आणि शकुनला तो पहिल्यांदाच आवडला.

मुकुंद मूठ घ्यायला मधे धावला. तिथे काका उभे होते, बघणाऱ्यांच्या जागी जाण्याआधी तारा सरळ आहेत ना ते पाहत. मुकुंदने मूठ उचलली, आणि मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने ती आपल्या हातात ठेवली नाही. काकांच्या निर्जीव उजव्या हातात दिली, त्यांची बोटं तिच्याभोवती मिटवली, वर आपला हात घट्ट धरला आणि त्यांच्या पाठीमागे उभा राहिला. काका नको म्हणाले असावेत. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मग त्यांनी शकुनकडे पाहून मान हलवली आणि तिने शेपूट सोडलं.

विमान गवतावरून धावलं आणि उठलं. शोल्याचे पंख उन्हात कागदी कंदिलासारखे उजळले. मधे दोन माणसं एकाच्या पाठीला एक लागून गोल फिरत होती, आणि काकांच्या तोंडून काहीतरी चाललं होतं, मराठीत की बंगालीत ते मुकुंदलाही नंतर सांगता आलं नाही. शकुन गवतात तशीच बसून राहिली. तिने मागितलं होतं ते तिला मिळालं नव्हतं. हात बरा झाला नव्हता. पण त्या हाताने विमान उडत होतं, आणि देवाने मागणं ऐकलं नाही असं म्हणायला तिचं मन धजेना. तिने तिथेच, कुणाचं लक्ष नाही असं बघून, हात जोडले.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मुकुंदने जुनी बेअरिंग्ज फेकली नव्हती.

एका सुट्टीच्या दुपारी त्याने ती पेट्रोलमध्ये धुतली. सगळा गंज आणि हळद निघाल्यावर भिंग लावून बराच वेळ पाहत बसला. शकुनला वाटलं, हा आता चष्मा पुसणार. पण त्याने तिला जवळ बोलावलं. गोळ्यांवर गंजाचे ताजे ठिपके होते, ते तिच्या चिंचेचे. पण गोळ्या ज्या कडीतून फिरतात ती वाट आरशासारखी होती. झीज नाही, खाच नाही. दोन वर्षं खडखडणारं बेअरिंग असं दिसत नाही, तो म्हणाला.

“हे आधी गेलेलं नव्हतं, शकुन. हे चांगलं होतं.”

ती ते बेअरिंग तळहातावर घेऊन बसली. भवानीपूरची ती खोली तिला आठवली, तिचं ते एका दमात बोलणं, आणि क्षणाचाही विचार न करता काकांनी म्हटलेलं ‘बरं झालं’. आपलं एकुलतं इंजिन करकरताना ऐकूनही त्या माणसाला पहिली काळजी पडली ती तिच्या डोळ्यांतल्या पाण्याची.

दुसऱ्या दिवशी तिने दडपे पोहे केले. बौदींकडून वाटीभर मोहरीचं तेल मागून आणलं आणि त्याची फोडणी दिली, नाकाला झिणझिण्या येत असतानाही. डबा घेऊन भवानीपूर गाठलं. काका खिडकीशी बसले होते. विमान पुन्हा छताला टांगलेलं होतं, आता पंखांवर एरंडेलाचे डाग मिरवत.

त्यांनी डबा उघडला आणि वासावरूनच हसले. मग सहज विचारलं, “ते जुने बेअरिंग टाकले ना?”

“नाही,” शकुन म्हणाली. “धुतले. आता देवात ठेवलेत.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिनेही नजर हटवली नाही. मग त्यांनी मान खाली घातली, डाव्या हाताने एक घास घेतला, आणि चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मोहरीच्या तेलाची त्यांना लहानपणापासून सवय होती.